कोऱ्याला लावलेलं बोट

कागदाला लागलेली हळद निघत नाही. मी सगळं करून पाहिलं, असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं तर मी काहीच केलं नाही. कारण ज्याला ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, चोळू नकोस, आणखी पसरेल. खोडरबर नको, ओला कापूस नको. म्हणून ते कॉमिक जसंच्या तसं नव्या प्लास्टिकच्या पिशवीत सरकवलं, वर चिकटपट्टी लावली आणि कपाटात त्याच्या नेहमीच्या जागी उभं न ठेवता वरच्या कप्प्यात आडवं टाकून दिलं. आज रविवार. आई खाली भाजी आणायला गेलीय आणि मी ते परत काढून मांडीवर घेऊन बसलेय. खिडकीतल्या उन्हात कव्हरवर उमटलेलं ते बोट स्पष्ट दिसतं. आधी हळदीचं, त्यावर कुंकवाचं. कुंकू वाळून थोडं झडलंय. हळद मात्र कागदात मुरलीय.

मी कॉमिक्स जमवते. माझ्या वयाच्या बाईने हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, मुलांसाठी का? मला मुलं नाहीत. लग्नही केलं नाही, आणि तो विषय आमच्याकडे आता कुणी काढत नाही. अंधेरीला नोकरी करते, बोरिवलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते, आणि पगारातून जे काही उरतं ते या रंगीत कागदांवर घालवते. जुनी, पिवळी पडलेली नव्हेत हं. अलीकडची. परदेशातून मागवलेले पहिले अंक, मोजक्याच छापलेल्या वेगळ्या कव्हरच्या प्रती, चित्रकाराची सही असलेले, आणि आपल्याच इकडच्या पोरांनी हौसेने काढून लगेच संपवलेले. त्यांना भाव असतो. तो मी सांगणार नाही. आईला कधी सांगितला नाही, तर तुम्हाला कशाला सांगू? एवढंच सांगते की भाव गोष्टीला नसतो, चित्रालाही पूर्ण नसतो, भाव असतो कोरेपणाला. पान उलटलेलं नको, पाठीवर सुरकुती नको, कोपरा दबलेला नको. छापखान्यातून निघाल्यावर माणसाचा हात जितका कमी लागला, तितका त्या अंकाचा मान मोठा.

आणि मुंबईची हवा म्हणजे कागदाची वैरीण. इथे चार महिने भिंती घाम गाळतात, पापड मऊ पडतात, चपलांना बुरशी येते. त्यात हे कागद जपायचे म्हणजे काय दिव्य असतं ते आमचं आम्हाला ठाऊक. प्रत्येक अंकामागे पांढरा पुठ्ठा, भोवती पिशवी, पिशव्या उभ्या खोक्यात, खोकी बंद कपाटात, कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि खोलीत हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र. ते यंत्र दिवसरात्र हळू घुं घुं करत असतं. रोज सकाळी त्याच्या पोटातलं पाणी मी मोरीत ओतते. त्या खोलीला कसलाच वास नाही. आमच्या घरात फोडणीचा वास सगळीकडे पोचतो, फक्त त्या दारापाशी थांबतो.

ती खोली, बिल्डरच्या भाषेत अर्धी बेडरूम, खरं तर आईची व्हायची होती. बाबा गेले आणि आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा मी तिला म्हटलंही, की कपाट हलवते, तू इथे झोप. कपाट कुठे हलवणार होते, देव जाणे. आई दारात उभी राहिली, आत डोकावली, यंत्राकडे बघितलं आणि म्हणाली, "नको गो. हॉलात वारा बरो येता." मी लगेच हो म्हटलं. किती लगेच, ते आठवलं की आता कानशिलं गरम होतात. तिच्यासाठी हॉलमध्ये दिवाण घेतला. चांगला घेतला, खाली सामान ठेवायला जागा असलेला. तिची गादी, तिच्या साड्या, तिची देवाची पिशवी, सगळं त्या दिवाणात. आणि माझ्या कॉमिक्सना स्वतंत्र खोली, कोरडी, थंड, बंद दाराची. आलेल्या पाहुण्यांना मी ते हसत दाखवायचे सुद्धा. "हे बघा, माझी लेकरं."

आई मालवणकडची. लग्न होऊन मुंबईला आली तरी तोंडातली मालवणी गेली नाही. मधेमधे मुंबईचं मराठी बोलते, पण हसू आलं, राग आला किंवा भीती वाटली की ती सरळ गावाला पोचते. आम्ही राहायचो दहिसरला, नदीच्या अंगाला, बैठ्या चाळीत. सकाळी तबेल्यांचा वास यायचा, दुपारी धोब्यांच्या कपडे आपटण्याचा आवाज, आणि संध्याकाळी घराघरात सुकटीची चटणी भाजली जायची तेव्हा दुसरे सगळे वास गपगार व्हायचे. बाबांची गिरणी केव्हाच बंद पडलेली. मग ते कुठे कुठे कामाला जायचे ते मला नीट कळायचं नाही. पण शनिवारी येताना त्यांच्या पिशवीत कॉमिक्स असायची. स्टेशनाजवळच्या रद्दीवाल्याने बाजूला काढून ठेवलेली, कव्हर नसलेली, मधली पानं सुटलेली, कुणाच्या तरी चहाचा गोल उमटलेली. त्यांना एक वास असायचा, थोडा खडूचा, थोडा ओल्या गोणपाटाचा. तो वास आला की मी अभ्यासाची वही मिटायचे आणि बाबा मुद्दाम पिशवी उंच धरायचे. "आधी पाढे म्हण," ते म्हणायचे. मी पाढे इतक्या वेगाने म्हणायचे की मधले आकडे खाऊन टाकायचे, आणि त्यांनाही ते कळायचं.

मराठी-हिंदी कॉमिक्स मी वाचायचे. पण त्या ढिगात इंग्रजीही असायची, आणि इंग्रजी आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं. ती आई वाचायची. म्हणजे काय, तर चित्रं बघून गोष्ट सांगायची. भाकऱ्या झाल्या की चुलीपाशी, नाही, तेव्हा स्टोव्ह आला होता, स्टोव्हपाशी पाटावर बसायची, मी तिच्या काखेत शिरायचे, आणि तिचं बोट चौकटीवरून चौकटीवर जायचं. "हो बघ, हो इलो. आता हो तिका सांगता, बाय माझे, घाबरू नको. ती काय म्हणता? ती म्हणता, तू आधी तुझी चड्डी बरी घाल, वरसून कित्याक घातलंस?" मी हसून हसून लोळायचे. मुखवटा घातलेले ते सगळे धिप्पाड गोरे लोक आईच्या तोंडून मालवणी बोलायचे. त्यांना सासू असायची. खलनायक नेहमी गावच्या कुठल्यातरी जमीनवाल्या भाटकारासारखा असायचा आणि नारळ चोरायचा.

रद्दीतल्या कॉमिकला शेवटची पानं असतीलच असं नाही. बहुतेक वेळा नसायचीच. आईला त्याने काही फरक पडायचा नाही. "मगे सगळे घराक इले," ती पुस्तक मिटत म्हणायची, "पाय धुतले नि जेवाक बसले." कितीही मोठं युद्ध असो, शहर जळत असो, शेवटी सगळे पाय धुऊन जेवायला बसायचे. पुढे पैसे मिळवायला लागल्यावर त्यातलाच एक अंक मला पूर्ण मिळाला. मी इंग्रजी वाचू शकत होते. वाचला. शेवटच्या पानावर तो माणूस मरतो. मी कितीतरी वेळ ते पान बघत बसले, कारण माझ्या माहितीप्रमाणे तो आमच्याकडे माशाची कढी जेवला होता. हे मी आईला सांगितलं नाही.

तर दसरा. या दसऱ्याच्या आधी काही दिवस मला एक पार्सल आलं. वर्षभर ज्याच्या मागे होते तो अंक, एका मालिकेचा पहिला, कव्हरवर चित्रकाराची सही असलेला. अंतराळात यंत्रं दुरुस्त करत फिरणाऱ्या बाईची गोष्ट आहे. कव्हरवर ती उभी, चार हातांची, एका हातात पाना, एकात दिवा, एकात दातेरी चक्र, आणि चौथा हात असा पुढे केलेला. मी हातमोजे घालून खोकं उघडत होते. आई भाजी निवडता निवडता बघत होती.

"जुना आसा?"

"नाही गं, एकदम कोरं. कुणी अजून उघडलेलंसुद्धा नाही."

"कोरां?" आई म्हणाली. "मगे उघडतलंस कधी?"

"उघडायचं नसतं आई. कोरंच ठेवायचं."

तिने शेंगेची शीर काढली आणि ताटात टाकली. तिच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी तिचीच मुलगी ना? आमच्याकडे कोरं कापड तसंच अंगावर घालत नाहीत. साडी असो, परकर असो, शाळेचा गणवेश असो, घडी मोडायच्या आधी त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावायचं. मग ती वस्तू घरची झाली. बोट लावल्याशिवाय कोरं वापरलं तर आई अस्वस्थ व्हायची, दार उघडं राहिल्यासारखी. मी तिला सांगितलं की ही वस्तू कोरी आहे आणि मी तिची घडी मोडत नाहीये. तिने काय समजायचं होतं ते समजलं.

दसऱ्याच्या सकाळी मी झेंडूची फुलं आणायला मार्केटला गेले होते. कपाटाची किल्ली कपाटालाच राहिली होती. परत आले तर हॉलमध्ये धूप, पाटावर सरस्वती, शेजारी मांडून ठेवलेलं सगळं. माझा लॅपटॉप, स्कूटरची चावी, तिची विळी, मिक्सरचं भांडं, बाबांचा चष्मा. आणि मधोमध, पिशवीतून काढलेलं, पुठ्ठ्यावर टेकवून उभं केलेलं ते कॉमिक. समोर अक्षता. आई हात जोडून डोळे मिटून बसलेली.

मला आठवतंय की फुलांची पिशवी माझ्या हातातून पडली नाही. मी ती नीट टेबलावर ठेवली. म्हणजे भान होतं मला. रागाने आंधळी झाले होते वगैरे म्हणायची सोय नाही.

"आई, हे काय केलंस?"

तिने डोळे उघडले, हसली. "कोरां होता ना. आज दिवस बरो आसा म्हणान बोट लावलंय. आता वाच तू."

"अक्कल आहे का तुला? कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

दार उघडंच होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू आपट्याची पानं घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या, सोनं द्यायला. मी त्यांना बघितलं आणि तरी थांबले नाही. आईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, ते तिथेच अडकलं होतं. ती चटकन उठली, पदराने बोट पुसत पुढे झाली. "मी पुसून देतंय गो, आत्ता निघात."

"हात लावू नकोस!" मी ओरडले. "अडाण्यासारखं काहीतरी करून ठेवायचं आणि वर पुसायला जायचं. हात लावू नकोस कशालाच!"

काकूंनी पानं शू-रॅकवर ठेवली आणि "येते हं" म्हणून गेल्या. आई मला, किंवा त्या पाटाला, म्हणाली, "चार हात होते गो तिका. माका वाटला कोण देवी आसा." मी खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी मी आईला सोनं दिलं नाही. तिच्या पाया पडले नाही. दसऱ्याला आईच्या पाया न पडण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

अडाणी. कुठून आला तो शब्द माझ्या तोंडात? आमच्या घरात तो कुणी कधी वापरला नव्हता. बाबांनी सुद्धा नाही, भांडणातही नाही. आई चौथीपर्यंत शिकली, हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तिला त्यावरून बोललं नव्हतं. ते काम करायला पोटची पोर लागली. लाज वाटते. साध्या शब्दांत सांगायचं तर स्वतःची शिसारी येईल इतकी लाज वाटते, आणि ती उन्हाळ्यातल्या घामासारखी परत परत येते, ऑफिसात मीटिंग चालू असताना, रिक्षात, दात घासताना.

तिने कोपरा कुठला निवडला ते मी आज पहिल्यांदा नीट बघितलं. कव्हरचा वरचा उजवा कोपरा, जिथे नुसतं काळं आकाश छापलंय. बाईच्या तोंडावर नाही, नावावर नाही, सहीवर तर नाहीच. बोट टेकवलंय, ओढलेलं नाही. आणि त्या कोपऱ्यावर नजर गेली तशी मला आमच्या दहिसरच्या खोलीतली ट्रंक आठवली. हिरवी, पत्र्याची, आईच्या जुन्या लुगड्याचं अस्तर घातलेली, आत वेखंडाच्या कांड्या. त्यात माझी कॉमिक्स. त्यातल्या प्रत्येकाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पिवळं बोट होतं. प्रत्येकाच्या! बाबा शनिवारी आणायचे, आणि आई रविवारी पूजा झाल्यावर, हळद हातालाच असायची तेव्हा, एकेकाला बोट टेकवून ट्रंकेत टाकायची. रद्दीतली होती ती, कितीतरी हात फिरून आलेली, पण आमच्याकडे आली म्हणजे कोरीच, असा तिचा हिशोब. चाळीतली पोरं माझी कॉमिक्स वाचायला न्यायची आणि परत करताना घोळ झाला, कुणाचं कुठलं कळेना, तर कोपरा बघायचा. पिवळं बोट असलं की ते आमचं. त्यावरून भांडणं मिटायची. एका मुलाने तर स्वतःच्या कॉमिकला घरची हळद लावून बघितली होती, पण आईने लांबूनच ओळखलं. "ह्यां माझां बोट नाय," म्हणाली आणि त्याला लाडू दिला.

आणि दसऱ्याला ती ट्रंकच पाटाशेजारी यायची. पाठ्यपुस्तकं पूजेत असल्यामुळे अभ्यासाला सुट्टी, ते ठीक होतं, पण कॉमिक्सही पूजेत म्हणजे तीही वाचायची नाहीत, हे मला अजिबात मान्य नसायचं. मी रडून गोंधळ घालायचे. "आज सरस्वती वाचता हा," आई म्हणायची, "तिका एक दिवस वाचूक दी. तू फाल्या वाच." आणि मी खरंच गप्प बसायचे. सरस्वती आज कुठल्या पानावर असेल याचा विचार करत झोपायचे.

ती ट्रंक नंतर राहिली नाही. खालून गंजली, एका पावसात नदीचं पाणी खोलीत आलं, कागदांचा लगदा झाला. आईने पानं सुटी करून दोरीवर वाळत घातली होती, चादरींच्या शेजारी, चिमटे लावून. पानं वाळली पण चित्रं एकमेकांत मिसळली होती. मी हे सगळं विसरले होते, असं नाही. मी ते लहानपणाच्या गमती म्हणून मित्रांना सांगायचे. त्यामागे आईचं जपणं होतं, हे विसरले होते.

दसऱ्यानंतर आई बदलली. रुसली असती तर बरं झालं असतं. आई रुसली की भांडी आपटते, मला ते कळतं, मी जाऊन तिच्या कमरेला मिठी मारते आणि ती "सर गो बाजूक" म्हणते की संपलं. हे तसं नव्हतं. ती विचारायला लागली. "फ्रीज उघडू?" "हो डबो घेव काय?" "टीव्ही लावलंय तर चलात?" पहिल्यांदा मला वाटलं टोमणा मारतेय. पण आई टोमणे मारत नाही. ती खरोखरच विचारत होती, पाहुणी विचारते तसं. मी म्हणायचे, "अगं आई, घर तुझंच आहे ना!" आणि ती हो हो म्हणायची आणि परत संध्याकाळी मिठाच्या बरणीपाशी उभी राहून माझ्याकडे बघायची.

त्यातच घाटकोपरच्या केतनचा फोन आला. हा माझा जमवाजमवीतला जुना दोस्त. मी डागाचा फोटो ग्रुपवर टाकला होता, आणि खाली गंमत म्हणून लिहिलं होतं, आमच्या मातोश्रींची कृपा. सगळे हसले होते. फोन स्पीकरवर होता कारण मी पोळी लाटत होते. "यार, वाटच लागली तुझी," केतन म्हणाला. "आईला सांग ना, पुढच्या वर्षी जेरॉक्सची पूजा कर!" मी हसले. मोठ्याने, मनापासून. मागे वळले तर आई दारात उभी, हातात रिकामं ताट. मी फोन बंद केला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, एकदाचं बोलेल. ती म्हणाली, "काय सांगता तो? निघतलो काय डाग?"

मी म्हटलं, "नाही निघत."

"अरे देवा," आई म्हणाली आणि ताट ओट्यावर ठेवलं. तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी वाईट वाटलेलं दिसत होतं. माझ्यासाठी!

एकदा मी प्रयत्न केला. जवळ एक साधा अंक होता, फारसा मोलाचा नसलेला, तो घेऊन दिवाणावर तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आई, सांग ना, काय चाललंय यात?" ती चष्मा लावून बघत राहिली. मग चष्मा काढला. "तूच वाच गो. माका काय समजता त्यातला." ते तिने इतक्या सहज म्हटलं, की ‘अडाणी’ हा माझा शब्द तिने उचलून स्वतःच्या जागेवर ठेवून दिलाय हे मला कळलं. आता तो तिथून मी कसा काढू?

दिवाळी झाली आणि तिने सांगितलं की मावशीकडे जाते, गावाला. थोडे दिवस. मंगळवारची गाडी आहे. समोरच्या काकूंच्या मुलाकडून तिकीट काढून घेतलं, मला त्रास नको म्हणून. दिवाण उघडून तिने साड्या काढल्या. थोड्या दिवसांसाठी जाणारं माणूस हिवाळ्याची शाल आणि देवाची पिशवी नेतं का? देवाची पिशवी तिने बॅगेत सगळ्यात वर ठेवलीय. मी बघितलं, विचारलं नाही. विचारायची छाती नाही झाली.

कुलूप वाजलं. आई आली. वांगी, मेथी, ओली हळद. आता थंडीत लोणचं घालते ती. मला हे मांडीवर घेऊन बसलेली बघितलं आणि दारातच थांबली, चप्पल एका पायात.

"काय झाला? आणि पसारला काय?"

"नाही गं. ये ना, बस इथे."

ती आली, पण दिवाणाच्या अगदी कडेला बसली. मी म्हटलं, "आई, मी चुकले. तुला जे बोलले ते मी बोलायला नको होतं. कुणाच्याही समोर नको होतं, आणि एकांतात पण नको होतं." मी हे आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.

"असांदे गो," आई म्हणाली. "तुझां बरोबर होता. माका कळाक व्हया होता."

"नाही! तुझं बरोबर होतं. आपल्याकडे बोट लावतात ते मला माहीत नव्हतं का? मी विसरले. मी खूप काही विसरले आई. मंगळवारी नको ना जाऊस. ती खोली मी रिकामी करते, खरंच करते, आजच करते."

"कित्याक? तुझा सामान खंय ठेवतलंस मगे?" तिला खरीच काळजी वाटली. "आणि तिकीट काढलंय मा. जावन येतंय."

मी चिकटपट्टी ओढून काढली. पिशवी बाजूला टाकली, पुठ्ठा टाकला. मग तो अंक उघडला. पाठीला कट्‌ असा बारीक आवाज झाला, पहिल्यांदा उघडताना होतो तो. त्या एका आवाजासाठी आमचे लोक जीव टाकतात. मला काहीच वाटलं नाही. आत ती चार हातांची बाई एका पडक्या यानाखाली आडवी पडून काहीतरी घट्ट करत होती, केस विस्कटलेले, गालाला ऑइल लागलेलं. आई मान पुढे करून बघत होती.

"घे," मी अंक तिच्यापुढे धरला. "घे आई, तू बघ. पानं उलट."

ती उठली आणि मोरीत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला, साबणाच्या डबीचा आला. मेथीची माती असेल हाताला, धुवत असेल, मला वाटलं. टॉवेलने हात पुसून, बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसून ती परत आली, आणि शाळेत नखं दाखवतात तसे दोन्ही हात माझ्यासमोर धरले, आधी पालथे, मग उताणे. मी अंक तिच्या हातात द्यायला गेले तर ते हात तिने पदराखाली घेतले होते.

"तू धर," ती म्हणाली. "मी बघतंय हयसून."

मी पानं उलटत गेले. ती बघत गेली. मधे एकदा हसली, त्या बाईच्या चारही हातांत चार डबे बघून. शेवटी मला ते सहन होईना, मी तिचा हात पदरातून ओढला आणि पानावर ठेवायला गेले. तिने तो मागे घेतला, रागाने नव्हे, तापल्या भांड्याला लागू नये म्हणून घेतो तसा.

"नको गो बाय," आई म्हणाली. "माझो हात लागात."